फ्लॅशच्या मुठीपासून पडद्यावरच्या तलवारीपर्यंत

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटात तरुण नायकाला वडिलांची म्हणून जी प्रकाशाची तलवार मिळते, तिची मूठ मुळात वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने कॅमेऱ्याला जोडायच्या फ्लॅशची मूठ होती. मराठीत दोन्हींना आपण मूठच म्हणतो, हा योगायोग मला फार आवडतो. माझ्या भाच्याने बडोद्यात, आमच्या दांडिया बाजारातील घरी, तशीच एक तलवार खऱ्या जुन्या भागांतून वर्षभर खपून जुळवली. ती पाहायला येणारी माणसे "ही कुठून मागवली?" एवढेच विचारतात. तिच्या प्रत्येक भागाला आधीचे एक स्वतंत्र आयुष्य आहे आणि त्यातला काही भाग आपल्या गावाच्याही जवळून गेला आहे. ते नीट मांडावे म्हणून हे टिपण लिहीत आहे.

नाटकवाले अशा वस्तूंना 'प्रॉपर्टी' म्हणतात. संगीत नाटकांच्या काळात तलवार म्हणजे बेगड लावलेली लाकडी पट्टी असे आणि तेवढ्याने काम भागत असे, कारण पहिल्या रांगेतला प्रेक्षकही तिच्यापासून चार हात दूर बसलेला असे. कॅमेऱ्याने हे अंतर मोडून टाकले. भिंग वस्तूच्या अंगाला भिडले, की बेगड ते बेगडच दिसते. म्हणूनच चित्रपटाच्या पहिल्या दिवसांपासून हाताने वस्तू घडवणाऱ्या कारागिराला या व्यवसायात मोल आले. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बडोद्याच्या कलाभवनात शिकायला आले होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली सुरू केलेल्या आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली वाढलेल्या त्या संस्थेत कला आणि कारागिरी वेगळ्या मानल्या जात नव्हत्या, आणि फाळक्यांना छायाचित्रणाची प्रयोगशाळा हाताळायला मिळाली ती तिथेच. पुढे १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यम्सन कॅमेरा घेऊन परतले.

त्याच १९१२ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथे 'स्पीड ग्राफिक' हा कॅमेरा बाजारात आला. तो बनवणारी फोल्मर अँड श्विंग ही मूळची न्यूयॉर्कची कंपनी १९०५ मध्ये कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनी विकत घेतली होती. १९२६ मध्ये ती कोडॅकपासून वेगळी झाली, १९४५ पासून तिचे नाव नुसते ग्राफ्लेक्स राहिले आणि १९७३ मध्ये ती बंद पडली. मधल्या काळात वृत्तपत्राचा छायाचित्रकार म्हटला की हातात स्पीड ग्राफिक, असे समीकरणच झाले होते. १९४५ च्या फेब्रुवारीत जो रोझेन्थल यांनी इवो जिमा बेटावर ध्वज उभारणाऱ्या सैनिकांचे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले, तेही याच कॅमेऱ्याने.

या कॅमेऱ्याच्या बाजूला जोडलेली लांबट, चकचकीत नळी म्हणजे फ्लॅशची मूठ. तिच्या लांबीचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. फ्लॅशच्या बल्बपूर्वी थाळीत मॅग्नेशियमची पूड पेटवीत, त्यात धूर फार आणि भाजण्याची भीती कायमची. १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत आणि पाठोपाठ इतरत्र काचेच्या बंद फुग्यातला बल्ब आला. त्यात प्राणवायू भरून धातूचा अतिपातळ वर्ख किंवा तार चुरगळून ठेवलेली असे, वीज मिळताच ती क्षणात जळून जाई आणि तो बल्ब पुन्हा कधीच उपयोगी पडत नसे. एका छायाचित्राला एक बल्ब, असा हिशेब होता. शिवाय बल्ब पूर्ण तेजाला पोहोचायला सेकंदाचा काही सहस्रांश भाग लागतो आणि शटर नेमके त्याच वेळी उघडावे लागते. त्यासाठी भिंगापाशी सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळताच दांडी ओढणारे वेटोळे, बसवलेले असे. बल्ब पेटवणे आणि दांडी ओढणे ही दोन्ही कामे एकाच झटक्यात करायची, तर बारक्या सेलचा निभाव लागत नाही. म्हणून दीड व्होल्टचे तीन मोठे सेल, आपण हातातल्या बॅटरीत घालायचो तेच, एकावर एक रचून साडेचार व्होल्ट मिळवत. मुठीची लांबी आणि जाडी या तीन सेलांनी ठरवली. अंगठ्याखाली यावे असे लाल बटण, कॅमेऱ्याला घट्ट धरणारी खटकेदार पकड, वर गोल परावर्तक धरणारे दोन कान आणि पितळेच्या नळीवर क्रोमचा मुलामा, असा हा सगळा घाट होता. यातला एकही भाग शोभेसाठी नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पुढे चित्रपटाच्या कामी आली.

बडोद्याचा संबंध इथे दुसऱ्यांदा येतो. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारीचा, म्हणजे त्या वेळच्या गायकवाडांच्या राज्यातला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांना मान मिळाला, त्या होमाईंनी दिल्लीत स्वातंत्र्याच्या आगेमागे टिपलेल्या प्रसंगांमागे जे कॅमेरे होते, त्यांत हा जड स्पीड ग्राफिकही होता. साडी नेसून, खांद्याला सामानाची पिशवी अडकवून, दोन्ही हातांनी तो धरून पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या या बाईंनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षे आपल्या शहरात, एका साध्या घरात, झाडांची निगा राखत काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्या गेल्या. माझ्या आजोबांच्या स्टुडिओत असला भारी कॅमेरा नव्हता, पण लग्नसमारंभासाठी बल्बचा फ्लॅश होता, आणि जळून दुधाळ झालेले, काचेला बारीक तडे गेलेले बल्ब आम्ही मुले गोळा करून ठेवत असू.

आता १९७६ कडे येऊ. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने बल्बला केव्हाच मागे सारले होते, ग्राफ्लेक्स बंद होऊन तीन वर्षे झाली होती आणि तिच्या मुठी दुकानांच्या फडताळांत पडून होत्या. लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत 'स्टार वॉर्स'च्या नेपथ्याचे काम चालू होते. तिथे सेट सजवण्याची जबाबदारी असलेल्या रॉजर क्रिश्चन यांना हे पक्के कळले होते की हाताशी असलेल्या पैशात सगळे नव्याने घडवणे शक्य नाही, आणि घडवले तरी ते वापरलेले, झिजलेले दिसणार नाही. म्हणून त्यांनी मोडीत निघालेल्या विमानांचे भाग वजनावर विकत घेतले आणि अवकाशयानाचे अंतरंग त्यातून सजवले. तलवारीसाठी मनासारखे काही मिळत नव्हते. शेवटी लंडनमधल्या एका छायाचित्रण साहित्याच्या दुकानात जुन्या खोक्यात या ग्राफ्लेक्स मुठी हाती लागल्या. त्यांनी मुठीच्या खालच्या अर्ध्या भागावर टी-आकाराच्या छेदाच्या काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि तळाला कमरपट्ट्याला अडकवण्यासाठी कडी लावली. परावर्तक काढून टाकल्यावर उरलेले दोन कान, लाल बटण, पकड, हे सगळे जागच्या जागी राहिले. या नेपथ्याला १९७८ मध्ये ऑस्कर मिळाले आणि मानकऱ्यांत क्रिश्चन होते. माझ्या मते त्या मुठीचे श्रेय मात्र त्यांच्या बरोबरीने रॉचेस्टरच्या त्या अनामिक आरेखकाचेही आहे, ज्याने छायाचित्रकाराच्या तळहाताचा विचार करून तिचा घेर ठरवला.

पकडीच्या खाचेत दिसणारे काचेसारखे फुगे हा याहूनही गमतीचा भाग आहे. ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या 'एक्झॅक्ट्रा' या खिशातल्या कॅल्क्युलेटरमधून आले. १९७० च्या दशकातल्या कॅल्क्युलेटरचे लाल अंक प्रकाशणाऱ्या डायोडचे असत. सेल लवकर उतरू नयेत म्हणून ते अंक अगदी बारीक ठेवावे लागत आणि मग वाचता यावेत म्हणून प्रत्येक अंकावर फुगीर भिंगाचा एक ठिपका बसवावा लागे. अशा ठिपक्यांची पारदर्शक पट्टी क्रिश्चन यांनी पकडीत सरकवली. पात्याचे काम वेगळे होते. परत प्रकाश फेकणारा लेप दिलेली दांडी मोटरने फिरवून पाहिली गेली आणि खरा झळाळ नंतर चित्रफितीवर चढवला गेला.

त्याच चित्रपटातली इतर शस्त्रेही अशीच जुळवलेली आहेत. वृद्ध गुरूच्या मुठीत रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनातली नळी, पहिल्या महायुद्धातला रायफलने फेकायचा ब्रिटिश ग्रेनेड, ब्राउनिंग मशीनगनचा एक भाग आणि न्हाणीघरातल्या नळाची चावी एकत्र आली आहे. खलनायकाची मूठ एमपीपी या ब्रिटिश कंपनीच्या फ्लॅशची आहे. सैनिकांच्या बंदुका म्हणजे स्टर्लिंग या ब्रिटिश सबमशीनगन आणि नायकाच्या मित्राचे पिस्तूल म्हणजे जर्मन बनावटीचे माउझर. बंदुकांच्या वाटेला हौशी माणसाने जाऊ नये. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात.

हे सगळे भाग ओळखण्यासाठी चाहत्यांना कित्येक वर्षे लागली. स्थिरचित्रे भिंगाखाली धरायची, स्क्रूची जागा मोजायची, जुन्या सामानाच्या बाजारात हाताला येईल ते उलटून पाहायचे, अशा चिकाटीने एकेक भाग ओळखला गेला. त्याची किंमत मात्र कॅमेऱ्यांनी मोजली. एकेकाळी कुणी न विचारणारी तीन सेलांची मूठ तलवारीसाठी शोधली जाऊ लागली आणि पूर्ण संच मोडून मूठ तेवढी वेगळी विकली जाऊ लागली. ज्यांना स्पीड ग्राफिकवर अजून बल्ब पेटवून छायाचित्रे काढायची आहेत, त्यांचा यावर राग आहे आणि तो मला रास्त वाटतो. बंद पडलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावणे वेगळे आणि चालती वस्तू कापणे वेगळे. यंत्रावर नव्याने कातलेल्या नकला आता मिळतात, त्या दिसतातही छान. ज्याला फक्त दिसण्याशी कर्तव्य आहे त्याने त्याच घ्याव्यात.

भाच्याला मिळालेली मूठ अमेरिकेतल्या एका नातेवाइकाने मोडक्या सामानातून आणून दिली. आत विसरलेला सेल केव्हातरी फुटून पांढरट-हिरवा थर साचला होता, तळाची स्प्रिंग गंजून तुटली होती आणि बटण दाबल्यावर हलतही नव्हते. बाटली घासायच्या ब्रशने, लिंबाचा रस आणि कोमट पाणी घेऊन आम्ही चार संध्याकाळी ती आतून घासली. थर गेल्यावर तळाशी पिवळेधमक पितळ उघडे पडले आणि बाहेर 'ग्राफ्लेक्स' आणि 'रॉचेस्टर' ही ठशाची अक्षरे बोटाला लागू लागली. "मामा, नवा क्रोम चढवून घेऊ या का?" असे त्याने विचारले. मी नको म्हटले. मुलामा देण्याआधी धातू पॉलिशच्या चाकावर धरतात आणि त्यात ही अक्षरे झिजली असती. कडेला क्रोम उडून पितळ दिसते, ते तसेच ठेवले.

भिंगाची पट्टी ज्या कॅल्क्युलेटरमधून घेतली, त्याचे अंक आधीच मेलेले होते. ती पकडीत बसेपर्यंत पॉलिशपेपरवर केसभर घासावी लागली. लंडनच्या मूळ तलवारीवर काळ्या पट्ट्या सुपरग्लूने कायमच्या चिकटवल्या होत्या. आम्ही दुहेरी चिकटपट्टी वापरली. मुठीला एकही नवे भोक पाडलेले नाही, कडीसुद्धा तळाच्या टोपणात आधीपासून असलेल्या भोकात बसवली आहे. सोबत आलेला पोचे पडलेला परावर्तक कागदात गुंडाळून आजोबांच्या बल्बांच्या खोक्यात ठेवला आहे. कुणी चालू स्पीड ग्राफिक घेऊन आलेच, तर पट्ट्या सोलून, नवी स्प्रिंग टाकून, ही मूठ पुन्हा त्याच्या अंगाला लावता येईल.