हरिद्वारच्या अक्षांशावरचा बर्फ

नकाशात हरिद्वारवर बोट ठेवा आणि ते सरळ पश्चिमेकडे सरकवत न्या. पाकिस्तान, इराण, इजिप्त, सहाराचं वाळवंट आणि अख्खा अटलांटिक ओलांडला की बोट अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ न्यू ऑर्लिन्सवर येतं. दोन्ही शहरं ३० उत्तर अक्षांशाच्या जराशी खाली. न्यू ऑर्लिन्स म्हणजे डास, घाम, चक्रीवादळं आणि परसदारी केळी. उन्हाळ्यात तिथली माणसं आपल्यासारखाच बर्फाचा गोळा खातात, किसलेल्या बर्फावर रंगीत सरबत ओतून. बर्फाशी त्यांचा संबंध एरवी एवढाच.

२१ जानेवारी २०२५ रोजी मात्र या शहराच्या विमानतळावर ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर बर्फ पडला. याआधी चार इंचांहून जास्त बर्फ पडला होता तो १९६३च्या ३१ डिसेंबरला, आणि त्याआधी १८९५च्या फेब्रुवारीत. अधूनमधून चिमूटभर भुरभुरतो, २००४च्या नाताळात पडला तसा, पण त्याची गणती हौसेतच.

मराठीत या बाबतीत आपली जरा अडचण होते. फ्रिजच्या ट्रेमधला तोही बर्फ आणि आभाळातून भुरभुरतो तोही बर्फ. दोन्ही गोष्टी जन्मानं वेगळ्या आहेत. ट्रेमधला बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी. गारही तशीच, वादळी ढगात वरखाली हेलकावे खात थरावर थर चढलेली. आभाळातून भुरभुरणारं हिम मात्र बहुतांशी वाफेतून थेट घडतं. ढगातले बारीक थेंब शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत गेले तरी चटकन गोठत नाहीत, त्यांना टेकायला धुळीचा एखादा योग्य कण लागतो. तो मिळाला की बर्फाचा पहिला सूक्ष्म स्फटिक तयार होतो आणि मग तो आजूबाजूची वाफ ओढून घेत वाढतो. शेजारचे थेंब आटत जातात आणि त्यांची वाफ याच्या अंगावर चढते. जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली थंड खोलीत सशाच्या केसावर असा स्फटिक वाढवून दाखवला. तापमान आणि ओल बदलली की स्फटिकाचा घाट बदलतो, हे त्यांनी नेमकं मांडलं. चित्रात असतो तो फांद्याफांद्यांचा षटकोनी तारा साधारण उणे १५ अंशांच्या आसपास फुलतो. थोडं इकडेतिकडे झालं की सुया नाहीतर चपट्या पट्ट्या.

पण न्यू ऑर्लिन्ससारख्या ठिकाणी प्रश्न निव्वळ थंडीचा नाहीच. कडाक्याची थंडी तिथे अधूनमधून पोचते. १८९९च्या फेब्रुवारीत तर मिसिसिपीतून बर्फाचे तुकडे वाहत शहराला वळसा घालून थेट समुद्रात गेले होते. अडचण वेगळी आहे: उत्तरेची थंडी येते ती कोरडी, आणि दक्षिणेच्या मेक्सिकोच्या आखाताची ओल येते ती ऊब घेऊन. दोघी एकाच वेळी, योग्य मापात यायला हव्यात. त्यातही दीड-दोन किलोमीटर उंचीवर शून्यावरच्या हवेचा एखादा थर घुसला, तर वरून निघालेलं हिम वाटेत वितळतं आणि खाली पोचतो तो पाऊस, किंवा जमिनीला लागताच गोठणारा घातकी पाऊस. आपल्याकडे कपिलाषष्ठीचा योग म्हणतात ना, भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात असं सगळं एकदम जुळावं लागतं, तो साठ वर्षांनी येतो म्हणतात. १९६३ ते २०२५. पंचांगाशी याचा काही संबंध नाही, पण मला ही एकसष्ट वर्षं मोजताना मौज वाटली.

त्या आठवड्यात ध्रुवीय हवेचा जड थर मैदानांवरून पसरत थेट आखातापर्यंत आला. वॉशिंग्टनमध्ये २० जानेवारीचा राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी याच थंडीमुळे इमारतीच्या आत घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी आखातावर कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याला धरून पूर्वेकडे सरकला. पाण्यावरची कोमट, ओली हवा जमिनीलगतच्या थंड थरावर उतरणीवरून चढावी तशी चढली, आणि या खेपेला वरपासून खालपर्यंत सगळे थर शून्याखाली होते. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानाच्या दक्षिण भागाला त्या दिवशी इतिहासात पहिल्यांदाच हिमवादळाचा अधिकृत इशारा मिळाला.

मग हरिद्वारात असं का होत नाही? डोळ्यांसमोर हिमाचे डोंगर आहेत की! त्या डोंगरांमुळेच. हिमालय पूर्व-पश्चिम आडवा पसरला आहे आणि सायबेरियाची जड थंड हवा तो उत्तरेलाच अडवतो. अमेरिकेत रॉकी काय आणि ॲपलेशियन काय, दोन्ही रांगा उभ्या, उत्तर-दक्षिण. मधल्या मैदानातून कॅनडाची हवा विनाअडथळा खाली घसरते. टेक्सासचे लोक म्हणतात, आमच्या आणि उत्तर ध्रुवाच्या मधे आडवं काय, तर एक काटेरी तारेचं कुंपण. मुंबईत सांताक्रूझचा पारा १९६२च्या जानेवारीत ७.४ अंशांवर आला होता, तोच आजवरचा नीचांक. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी ‘बर्फ पडला’ म्हणून दर हिवाळ्यात बातमी येते, ते खरं तर गोठलेलं दव असतं. निरभ्र, निवांत रात्री गवत आणि गाड्यांच्या टपांतून उष्णता आभाळाकडे निघून जाते आणि हवा पाच अंशांवर असली तरी पृष्ठभाग शून्याला टेकतो. दिसतं सुंदर, पण आभाळातून काही पडलेलं नसतं.

न्यू ऑर्लिन्सच्या रहिवाशांनी त्या दिवशी काय केलं? घसरायला उतार शोधला. हे सोपं नव्हतं, कारण शहर सपाट आहे आणि बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली. उतार म्हणाल तर नदीचे पूरबंधारे. पुराला अडवायला बांधलेल्या त्या मातीच्या बांधांवरून पोरंटोरं आणि त्यांचे बाप पुठ्ठ्याच्या खोक्यांवर, जे सापडेल त्यावर बसून घसरत होते. घरात घसरगाडी असणार कुणाकडे? पाद्री आणि नन्स एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकताहेत, हा व्हिडिओ जगभर फिरला. बर्बन स्ट्रीटवर, जिथे रात्रंदिवस बाजा वाजतो, लोक स्कीवरून निघाले. आणि तिथे शांतता होती. ताज्या हिमात बर्फापेक्षा हवाच जास्त, त्यामुळे त्याच्या पोकळ्यांत आवाज जिरतो, गादीत जिरावा तसा.

एवढं वीस सेंटिमीटर हिम वितळवलं तर ढोबळ हिशेबानं पाणी भरेल दोन सेंटिमीटर. मुंबईचा जूनमधला एक सपाट्याचा पाऊस. तरी शहर ठप्प झालं. आंतरराज्य महामार्ग १० कित्येक ठिकाणी बंद ठेवला, कारण दलदलीवरून जाणारा हा रस्ता मैलोनमैल खांबांवर उभा आहे. जमिनीवरच्या रस्त्याला खालून मातीची ऊब मिळते. पुलाला वरून वारा आणि खालूनही वारा, म्हणून पूल आधी गोठतो. उत्तरेकडच्या शहरांत अशा वेळी मीठ टाकतात. आपल्याला हे वेगळ्या वाटेनं ठाऊक आहे: पॉटमध्ये आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ घालून हँडल फिरवलेलं ज्यांना आठवतं, त्यांनी हेच केलेलं आहे. मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, शून्यावरचा बर्फ वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता शेजारून खेचतो. पॉटमध्ये ती दुधातून जाते म्हणून आइस्क्रीम जमतं.

घरांचं दुखणं आणखी वेगळं. पुरामुळे जुनी घरं खांबांवर उचललेली, खालून मोकळी, आणि पाण्याच्या नळ्या त्या पोकळीतून उघड्या गेलेल्या. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नळी तडकते. म्हणून थंडीचा इशारा मिळताच तिथे घरोघर नळाची बारीक धार रात्रभर चालू ठेवतात. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला लाफायेत शहरात पारा उणे १५ अंशांच्याही खाली गेला. याला खुद्द बर्फाचाही हातभार: पांढरी चादर दिवसा ऊन परतवते, आणि रात्री स्वतः उष्णता सोडत राहते, वर जमिनीची ऊब हवेपर्यंत पोचू देत नाही.

‘कुठे आहे तुमची तापमानवाढ?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास निघतो. तोच जानेवारी २०२५ हा सबंध पृथ्वीच्या सरासरीनं आजवरचा सर्वांत उष्ण जानेवारी ठरला. एका कोपऱ्यात थंडी सांडली म्हणून भांडं थंड होत नाही.

असा बर्फ पडला की त्याचा एक गोळा फ्रीजरमध्ये जपून ठेवणारी माणसं असतातच. पण तिथे उणे १८ अंशांतही तो तसाच राहत नाही. स्फटिकांच्या टोकदार फांद्यांवरची वाफ आधी सुटते आणि खाचांमध्ये जाऊन बसते. कण गोल होतात, एकमेकांना चिकटतात, गोळा आक्रसतो. उन्हाळ्यात डबा उघडावा तर आत साधा, टणक, ट्रेमधल्यासारखा बर्फ. किसायचा आणि वर सरबत ओतायचं.