व्हिसा झेकचा, विमान व्हिएन्नाला: चालतं का?

‘ज्या देशाने शेंगेन व्हिसा दिला तिथेच आधी उतरायचं, नाहीतर परत पाठवतात,’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. पर्यटनासाठी अर्ज करायचा तो जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. प्राग आणि चेस्की क्रुमलोव्ह ही झेकमधली शहरं मिळून 5 रात्री, व्हिएन्ना 3, बुडापेस्ट 2, तर व्हिसा झेकचा. विमान खुशाल व्हिएन्नाला उतरू दे. रात्री समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघतात. गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच. खात्री करायचीय? पासपोर्टातल्या स्टिकरची पहिली ओळ वाचा. तिथे सहसा एका देशाचं नाव नसतं, ‘शेंगेन राष्ट्रं’ या अर्थाचे शब्द असतात. हॉटेल बुकिंगचे कागद मात्र हाताशी ठेवा. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीतला अधिकारी ‘झेकला कधी जाणार?’ असं विचारू शकतो.