माँट्रियलमधली दोन नोत्र-दाम

कॅनडातल्या माँट्रियलला जाणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत ‘नोत्र-दाम’ (फ्रेंचमध्ये ‘आपली माता’, म्हणजे मारियामाता) असतंच. पण जुन्या शहरात या नावाची दोन चर्च आहेत, एकमेकांपासून पायी जेमतेम दहा-बारा मिनिटांवर. बहुतेक पाहुणे मोठं पाहतात आणि धाकट्याच्या दारावरून पुढे निघून जातात. मी म्हणेन, धाकटं आधी पाहा.

मोठं म्हणजे नोत्र-दाम बॅसिलिका. प्लास-दार्म चौकात दोन उंच मनोरे दिसले की तीच. १८२४ ते १८२९ या काळात ती बांधली जेम्स ओडॉनेल या मूळच्या आयरिश, प्रोटेस्टंट वास्तुविशारदाने. अखेरच्या दिवसांत तो कॅथलिक झाला आणि त्याला इथेच तळघरात पुरलं. निळ्या छतावरचे सोनेरी तारे आणि लाकडाचं कोरीवकाम मात्र त्याच्यानंतरचं, १८७० च्या दशकातलं. सात हजार नळ्यांचा ऑर्गन आहे. आत जायला तिकीट लागतं. इतकी भव्य असूनही ही बिशपची गादी नव्हे. बिशपची गादी जिथे असते ते कथीड्रल आधुनिक शहरभागात आहे.

धाकटं, नोत्र-दाम-द-बोंसकूर, सेंट-पॉल रस्त्यावर, बोंसकूर मार्केटच्या चंदेरी घुमटाशेजारी. याची गोष्ट थेट शहराच्या जन्माशी जाते. इथली फ्रेंच वसाहत वसली १६४२ मध्ये. मार्गरित बुर्ज्वा ही शिक्षिका फ्रान्सहून आली १६५३ मध्ये, आणि पाच वर्षांनी तिने एका तबेल्यात पोरांची शाळा सुरू केली. पहिलं दगडी चॅपल तिच्याच चिकाटीने १६७८ मध्ये उभं राहिलं. १७५४ च्या आगीत ते जळालं. आजचं १७७१ ते १७७३ मध्ये जुन्याच पायावर बांधलेलं. तिने फ्रान्सहून आणलेली मारियामातेची छोटी लाकडी मूर्ती त्या आगीतून वाचली.

हे खलाशांचं चर्च. छताला गलबतांच्या आकाराचे दिवे टांगलेले आहेत, समुद्रातून सुखरूप परतलेल्यांनी वाहिलेले. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाच्या वस्तू वाहणाऱ्यांना हा भाव वेगळा समजावून सांगायला नको. चॅपलच्या माथ्यावरची मारियामाता बंदराकडे हात पसरून उभी आहे. खाली उत्खननात पहिल्या चॅपलचा पाया आणि त्याआधीच्या आदिवासींच्या वावराच्या खुणा सापडल्या. मार्गरितचे अवशेष २००५ पासून इथेच आहेत. चॅपलमध्ये जायला पैसे पडत नाहीत. संग्रहालय आणि मनोऱ्यासाठी तिकीट घ्या, वरून नदी छान दिसते.

मेट्रोने जाताना बॅसिलिकेसाठी प्लास-दार्म आणि चॅपलसाठी शाँ-द-मार्स स्थानकावर उतरा.