जाळपंखी भुंगेऱ्याची अळी

कोलिऑप्टेरा गणातील लायसिडी कुलाच्या भुंगेऱ्यांची डिंभावस्था. प्रौढ भुंगेऱ्याच्या मऊ, बहुधा नारिंगी-काळ्या पंखकवचांवर उभ्या-आडव्या कंगोऱ्यांची जाळी दिसते, त्यावरून हे नाव पडले. अळीच्या अंगावर या जाळीचा मागमूस नसतो.

खानदेशात अळी म्हटली की कापसावरची बोंडअळी आठवते, नाहीतर मुळे खाणारी हुमणी. दोघींचे बळ जबड्यात. हुमणीही भुंगेऱ्याचीच अळी, पण पांढरी, गुबगुबीत आणि इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली. जाळपंखीची अळी लांबट, बहुधा चपटी असते, आणि तिला चावताच येत नाही. तिच्या शरीररचनेतील सर्वांत नवलाची गोष्ट हीच.

डोके अगदी लहान असून बरेचसे पहिल्या वक्षखंडात ओढून घेतलेले असते. दोन्ही बाजूंना एकेक साधा नेत्र आणि आखूड शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) असतात. प्रत्येक जंभ (वरचा जबडा) लांबीत चिरून दोन पात्यांत विभागलेला असतो. एरवी कीटकांचे दोन जंभ अडकित्त्यासारखे समोरासमोर येऊन मिटतात. येथे ते तसे मिटत नाहीत, त्यामुळे तोडणे-चावणे शक्य नसते. त्यांच्या खालची मुखांगे एकमेकांशी जोडून एकच भाग झालेला असतो. कुजलेल्या लाकडात झिरपणारा, सूक्ष्मजीवांनी भरलेला रस ही अळी पिते. सालीखाली इतर अळ्यांच्या शेजारी सापडते म्हणून जुन्या अभ्यासकांनी तिला शिकारी ठरवले होते. तोंडाकडे नीट पाहिले असते तर हा गैरसमज टिकला नसता.

वक्षाचे तीन खंड, त्यांवर पायांच्या तीन जोड्या आणि प्रत्येक पायाच्या टोकाला एकच नखी. उदराचा दहावा खंड खाली वळून चालताना टेकूसारखा लागतो. नवव्या खंडावर काही जातींत दोन शिंगांसारखी उपांगे असतात, काहींत नसतात. श्वासरंध्रांची एक जोडी वक्षावर आणि आठ उदरावर.

या कुलातील काही जातींच्या माद्या जन्मभर अळीच्याच रूपात राहतात. आग्नेय आशियातील प्लॅटेरोड्रायलस प्रजातीची मादी काही सेंटिमीटर लांब, ढालींनी झाकलेली. नर मात्र एक सेंटिमीटरच्या आतबाहेरचा, पंख असलेला. ट्रायलोबाइट या नामशेष, ढालीदार समुद्री प्राण्यांवरून ‘ट्रायलोबाइट अळ्या’ म्हटल्या जाणाऱ्या या जीवांचे, म्हणजे त्या प्रौढ माद्याच असल्याचे कोडे स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ एरिक म्योबेरी यांनी 1925 मध्ये उलगडले. दक्षिण भारत व श्रीलंकेतील लायरोपीयस प्रजातीतही मादी अशीच राहते.

या अळीला ओल लागते, आणि खानदेशचा उन्हाळा ओल शिल्लक ठेवत नाही. शोध घ्यायचा तर पावसाळ्यात, सातपुड्यात घ्यावा: यावल अभयारण्याच्या नाल्यांकाठी किंवा तोरणमाळच्या पठारावर, पडलेल्या झाडांच्या सुटलेल्या सालीखाली. सागाचे ताजे, टणक ओंडके तिच्या कामाचे नाहीत. बोटाने दाबले तर भुगा व्हावा इतके कुजलेले लाकूड हवे.

तेथे काजव्याच्या अळीशी तिची गल्लत सहज होते. तीही चपटी, पाठीवर ढाली असलेली. पण काजव्याच्या अळीचे जंभ कोयत्यासारखे वाकडे, आतून पोकळ असतात आणि त्यांतून ती गोगलगायीत पाचकरस सोडते. भिंगाशिवायही दोघी ओळखता येतात: अंधारात काजव्याच्या अळीचा उदराचा आठवा खंड उजळतो.