घडवणारा काय देणं लागतो?

कृत्रिम माणसांच्या कथा म्हटलं की आपल्याला निर्मात्यावर उलटलेलं यंत्र आठवतं. मात्र या परंपरेतली पहिली मोठी तक्रार घडवणाऱ्याची नाही, घडवलेल्याची आहे.

१८१८ साली लंडनमध्ये मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. त्या काळात विजेचं कुतूहल शिगेला पोहोचलं होतं. इटालियन शास्त्रज्ञ गॅल्वानीचे मेलेल्या बेडकाच्या पायांवरचे विजेचे प्रयोग गाजले होते. १८०३ मध्ये त्याचा भाचा आल्दिनी याने लंडनमध्येच फाशी दिलेल्या कैद्याच्या प्रेतावर विजेचा प्रयोग केला, तेव्हा प्रेताचा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला. कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन या तरुण संशोधकाने घडवलेल्या जीवानेही डोळे उघडले आणि व्हिक्टर घाबरून खोलीतून पळाला. माझ्या मते व्हिक्टरचा खरा अपराध जीव निर्माण करण्यापेक्षा या पळण्यात आहे. त्या जीवाला साधं नावही मिळत नाही. खोपटात लपून, फटीतून एका कुटुंबाला न्याहाळत तो भाषा शिकतो आणि पुढे निर्मात्याला गाठून आपल्यासाठी जोडीदार मागतो. व्हिक्टर आधी कबूल होतो. मग अर्धवट घडलेली ती स्त्री त्या जीवाच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो.

शंभर वर्षांनी ही जबाबदारी एका माणसाच्या हातून कारखान्याकडे गेली. चेक लेखक कारेल चापेकचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० मध्ये छापून आलं. त्यातले रोबो लोखंडी नाहीत. ते कृत्रिम मांसाचे, कामापुरते बनवलेले मजूर आहेत. त्यांना वेदना होत नाहीत, त्यामुळे काम करताना ते स्वतःलाच इजा करून घेतात आणि मालाचं नुकसान होतं. म्हणून कारखान्यातले डॉक्टर गाल त्यांना वेदना द्यायच्या प्रयत्नाला लागलेले असतात. कारखाना पाहायला आलेली हेलेना विचारते, मग त्यांना आत्मा का देत नाही? उत्तरांपैकी एक असं, की त्याने उत्पादनखर्च वाढेल. या विषयावर इतकं अंगावर येणारं संभाषण मी दुसरं वाचलेलं नाही. दुःख सोसण्याची क्षमता इथे निव्वळ तांत्रिक सुधारणा म्हणून दिली जाते आणि त्या दुःखाची दखल घेणं मात्र परवडत नाही.

१९४२ मध्ये विज्ञानकथाकार आयझॅक आसिमॉव्हच्या एका कथेत रोबोंचे तीन नियम मांडले गेले : माणसाला इजा करू नये, त्याची आज्ञा पाळावी आणि या दोन्हींच्या आड न येता स्वतःला जपावं. आजही चर्चा त्यांच्यापासूनच सुरू होते, पण ते तिन्ही नियम रोबोवर बंधन घालतात. माणसाने रोबोशी कसं वागावं याबद्दल त्यांत अवाक्षर नाही. खुद्द आसिमॉव्ह १९७६ मध्ये ‘द बायसेंटेनियल मॅन’मध्ये या बाजूकडे वळला. त्यातला रोबो माणूस म्हणून मान्यता मिळवण्यासाठी मरण पत्करतो. दरम्यान १९६८ मध्ये कादंबरीकार फिलिप के. डिकने सहानुभूती हाच माणूसपणाचा निकष धरणारं जग रंगवलं होतं. तिथे सहानुभूतीची चाचणी घेतली जाते ती अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखे दिसणारे रोबो, ओळखून त्यांना संपवण्यासाठी.

पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमची १९६५ ची एक कथा मला सर्वांत धारदार वाटते. ट्रुर्ल नावाचा यंत्रकार पदच्युत जुलमी राजाला करमणुकीसाठी पेटीत मावेल एवढं कृत्रिम राज्य बनवून देतो. आतली प्रजा म्हणजे खेळणं, अशी ट्रुर्लची समजूत. त्याचा मित्र क्लापाउशियस संतापतो : नक्कल पुरेशी हुबेहूब झाली, की तिचं विव्हळणं खोटं आहे हे तू कशावरून ठरवणार?

लगेच पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलिझा’ हा संवादाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. वापरणाऱ्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारणारा हा साधा प्रोग्रॅम. तरीही त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना, आपल्याला एकांत हवा म्हणून त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. इथून प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली : आत कुणी नसतानाही माणूस जीव लावतो, मग यंत्र जिवंत असल्याचं भासवणाऱ्या निर्मात्याची जबाबदारी काय? २०१० मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी तयार केलेल्या रोबोविषयक तत्त्वांत दुबळ्या वापरकर्त्यांना फसवेल असं रोबोचं रूप नसावं, त्याचं यंत्रपण उघड असावं, असं स्पष्ट म्हटलं आहे.

घडवलेल्याच्या दुःखाची पहिली बाजूही मिटलेली नाही. २०२१ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ थॉमस मेट्झिंगर यांनी कृत्रिम जाणीव निर्माण करू पाहणारं किंवा तसा धोका पत्करणारं संशोधन २०५० पर्यंत थांबवावं, असा प्रस्ताव मांडला. दुःख सोसणारं एक यंत्र तयार झालं तर त्याच्या असंख्य प्रती निघू शकतात, ही त्यामागची भीती.