चौदाव्या दिवसाचा घोळ: गर्भधारणेची वेळ आणि तयारी, एक पार्श्वभूमी

मूल हवं असलेलं जोडपं नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्याची पायरी चढतं ते एक आकडा सोबत घेऊनच: चौदा, म्हणजे गर्भ राहण्याचा म्हणून सांगितला जाणारा चौदावा दिवस. कधी तो मोठ्या जावेने सांगितलेला असतो, कधी मोबाइलमधल्या ॲपने. आकडा खोटा नाही, पण तो पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा होता आणि आपल्याकडे मागच्या पाळीपासून पुढे मोजला गेला.

आपल्याकडचा जुना हिशेब रात्रींचा. स्मृतिग्रंथांनी पाळी आल्यापासून सोळा रात्रींचा ऋतुकाल धरला, त्यातल्या पहिल्या चार, अकरावी आणि तेरावी वर्ज्य केली. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी हा नियमही तिथलाच. आजच्या ज्ञानाने तपासलं तर गंमत दिसते. मुलग्यासाठी सहावी, आठवी, दहावी, बारावी, चौदावी अशा रात्री पाळणारं जोडपं आज डॉक्टर सांगतात तसं एक दिवसाआड जवळ येत होतं. मुलीच्या वाट्याला मात्र पाचवी, सातवी, नववी आणि थेट पंधरावी. म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात ऐन मोक्याच्या दोन रात्री वर्ज्य म्हणून तिच्याच खात्यातून गेलेल्या. सम-विषमाने बाळाचं लिंग ठरत नाही, ते पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं. तरी ही यादी अजून फिरते, ‘मुलगाच होईल’ अशा पुड्यांसोबत. गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली आणि गर्भधारणेपूर्वी केलेली लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तिची जाहिरात करणं हाही गुन्हा आहे.

युरोपातले एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर आपल्याहून शहाणे नव्हते. पाळीच्या आसपासचे दिवस सुपीक आणि मधले सुरक्षित, असं ते बिनदिक्कत सांगत. हे उलटं झालं १९२४ मध्ये. जपानमधल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाने शस्त्रक्रियेच्या वेळी अंडाशय प्रत्यक्ष पाहून निष्कर्ष काढला की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटतं. चार वर्षांनी ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरने जवळपास हेच मांडलं. दोघेही मागे मोजत होते. पण या शोधाचा वापर झाला तो मूल टाळण्यासाठी, आणि ते त्या जपानी डॉक्टरांना स्वतःला मान्य नव्हतं. भारतातही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी प्रयोगात बायकांच्या हाती रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या: रोज एक मणी सरकवा, अमुक रंग आला की दूर राहा. तीच कल्पना पुढे ३२ मण्यांच्या माळेतून परतली. तिच्यात आठव्या ते एकोणिसाव्या दिवसाचे मणी पांढरे, म्हणजे दूर राहायचे, असतात. टाळणाऱ्यांसाठी बारा दिवसांचं कुंपण ठीकच आहे, कारण तिथे चूक महाग पडते. मूल हवं असणाऱ्यांना मात्र त्या बारांतले नेमके कोणते, हे हवं असतं.

चौदाचा घोळ इथे सुरू होतो. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर मागून मोजा की पुढून, उत्तर चौदाच्या आसपासच येतं, म्हणून चूक झाकली जाते. चक्र २४ दिवसांचं असेल तर बीज दहाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं, ३५ दिवसांचं असेल तर एकविसाव्या. पस्तीस दिवसांच्या चक्राची बाई महिनोन्‌महिने चौदावा दिवस पाळत असेल तर ती आठवडाभर आधीच थांबलेली असते. चक्राचा पहिला अर्धा भाग लांबतो-आखडतो, दुसरा बराचसा स्थिर असतो. म्हणून मागचे सहा महिने कॅलेंडरवर लिहिलेले नसतील तर कुठलाच हिशेब बसत नाही.

त्याहून मोठा घोळ ‘पहिला दिवस’ या शब्दाचा. वैद्यकात पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग त्यात धरायचा नाही. आपल्याकडे कित्येक घरांत मोजणी सुरू होते चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतल्यावर. न्हाण्याचा दिवस एक धरला तर तिचा चौदावा म्हणजे खरा सतरावा. २८ दिवसांच्या चक्रात बीज तोवर संपलेलं असतं, कारण सुटल्यानंतर ते फार तर १२ ते २४ तास टिकतं. डॉक्टर ‘चौदावा’ म्हणतात, बाई ‘चौदावा’ ऐकते आणि दोघांच्या मनात तीन दिवसांचं अंतर राहतं. तपासणीच्या पहिल्याच भेटीत ‘कधीपासून मोजता?’ हा प्रश्न आला पाहिजे. गर्दीच्या ओपीडीत तो राहून जातो आणि थेट सोनोग्राफीची चिठ्ठी मिळते.

एका दिवसाऐवजी ‘खिडकी’ हा शब्द रुजला तो १९९५ नंतर. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून केलेला एक अभ्यास त्या वर्षी छापून आला. बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतच गर्भ राहिल्याचं त्यात दिसलं, नंतरच्या एकाही दिवशी नाही. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज दिवसभरही मुश्किलीने. म्हणून शुक्राणू आधी पोचून वाट पाहत असणं फायद्याचं. सगळ्यांत चांगले दिवस म्हणजे बीज सुटण्याच्या आधीचे दोन. २००० मध्ये त्याच माहितीवरून आणखी एक गोष्ट पुढे आली: दहावा ते सतरावा दिवस ही पाठ्यपुस्तकी खिडकी पूर्णपणे लागू पडणाऱ्या स्त्रिया फक्त ३० टक्क्यांच्या आसपास होत्या. एवढं होऊनही चौदा काही हलत नाही.

खिडकी ओळखायच्या तीन खुणा आहेत आणि तिन्हींची इथे वेगवेगळी गत होते. सकाळी उठण्यापूर्वीचं तापमान बीज सुटल्यावर ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. म्हणजे कळतं तेव्हा वेळ गेलेली असते, आणि मे महिन्यात वीज गेली, कूलर बंद पडला, झोपमोड झाली की तो आलेख तसाही निरर्थक.

दुसरी खूण स्रावाची. बीज सुटण्याआधीच्या दिवसांत स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक आणि दोन बोटांत ताणला जाईल असा होतो. ही फुकटची आणि सगळ्यांत भरवशाची खूण, पण आपल्याकडे ‘अंगावरून पांढरं जातं’ हे दुखणंच समजलं जातं. मग त्यावर गोळ्या, आतून धुण्याची औषधं, आणि नेमक्या त्याच दिवसांत. खाज, वास, दह्यासारखा घट्टपणा किंवा हिरवट रंग असेल तर जरूर दाखवावं. नुसता ताणला जाणारा स्राव हा आजार नव्हे.

तिसरी खूण लघवी तपासायच्या पट्टीची, म्हणजे बीज सुटण्याआधी उसळणाऱ्या एलएच संप्रेरकाची. चक्राच्या दिवसांतून १७ वजा करावे आणि त्या दिवसापासून रोज तपासावं: २८ चं चक्र तर अकराव्यापासून, ३२ चं तर पंधराव्यापासून. वेळ दुपार ते संध्याकाळची बरी, कारण संप्रेरक पहाटे उसळलं तरी लघवीत उतरायला काही तास लागतात. त्याआधी दोन तास पाणी कमी प्यावं. आपल्या उन्हाळ्यात हे अवघड आहे आणि लघवी पातळ झाली की रेघ फिकी उमटते. सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. गर्भधारणेच्या पट्टीवर फिकी रेघही ‘आहे’ म्हणून धरतात. या पट्टीवर मात्र तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच उत्तर होकारार्थी. ते आलं की बीज साधारण २४ ते ३६ तासांत सुटतं. तो दिवस आणि दुसरा दिवस सोडू नये. पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असेल तर पट्टी पुन्हा पुन्हा खोटा होकार देऊ शकते. पाकिटावर ३० अंशांपर्यंत ठेवा असं लिहिलेलं असतं. पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर पट्ट्या मेमध्ये बाद होतात.

‘तयारी’ हा भाग इतिहासात उशिरा आला. १९९१ मध्ये सिद्ध झालं की आधीचं बाळ मज्जारज्जूच्या दोषासह जन्मलेल्या स्त्रीने गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं तर तोच दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटतो. पुढच्याच वर्षी सर्वच स्त्रियांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमची शिफारस आली. मज्जानलिका, जिच्यातून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत काम आटोपत आलेलं. म्हणून गोळी निदान एक महिना आधी, जमल्यास तीन महिने आधी. आपल्या दुकानांत सहज मिळते ती ५ मिलिग्रॅमची, म्हणून ती सरसकट दिली जाते. तिची खरी गरज आधी तसं बाळ झालेल्या, मधुमेही किंवा फिटची औषधं घेणाऱ्या स्त्रियांना. रुबेलाची लस घेतली तर चार आठवडे थांबायचं. अमेरिकेत २००१ पर्यंत तीन महिने सांगत, इथे अजूनही सांगणारे आहेत. मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली आल्यावरच प्रयत्न.

विदर्भात या यादीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सगळ्यांत वर हवा. देशात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीत नोंदला गेला, राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झालं २०२३ मध्ये. मधल्या सात दशकांत इथल्या किती घरांनी तो नशिबाच्या खात्यात टाकला असेल, ते त्यांनाच माहीत. नवरा-बायको दोघे वाहक (स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं बाळ निरोगी निघालं म्हणून दुसऱ्या वेळची कमी होत नाही. शिबिरातली सोल्युबिलिटी तपासणी सिकल आहे-नाही एवढंच सांगते, वाहक की रुग्ण ते नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी लागते. एक सिकलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, तरी धोका तेवढाच, म्हणून नुसती सिकलची चाचणी पुरत नाही. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर अहवाल फसवतो. सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी चालू असेल, नवऱ्याला असो की बायकोला, तर ती बंद करण्याचं डॉक्टरांशी आधी बोलावं, स्वतःहून थांबवू नये.

नवऱ्याची वीर्यतपासणी अजूनही शेवटी होते, बायकोच्या दोन-तीन सोनोग्राफी होऊन गेल्यावर. खरं तर तीच सगळ्यांत स्वस्त आणि सोपी. दोन ते सात दिवसांचा संयम, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरलेली. डिकीत ठेवलेला नमुना मेच्या दुपारी वाया जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा अशी: मात्रा १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, पुढे सरकणारे ३० टक्के. शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात, त्यामुळे तापाचा, तंबाखूचा, भट्टीसमोरच्या नोकरीचा परिणाम आजच्या अहवालात तीन महिन्यांपूर्वीचा दिसतो. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आज सोडला तर फरक पुढच्या तिमाहीत. ‘साठवून ठेवलं की जोर येतो’ हा समज उलटा पडतो. पाचेक दिवसांहून जास्त खंड पडला की शुक्राणूंची चाल मंदावू लागते.

पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने प्रयत्न करून मग तपासण्या, असा संकेत आहे. पाळी अनियमित असेल किंवा दोघे वाहक निघाले तर थांबायचं कारणच नाही.

आता एक नवीच अडचण: नवरा पुण्याला नोकरीला, बायको नागपुरात, भेट शनिवार-रविवारची. चक्र बरोबर २८ दिवसांचं म्हणजे चार पूर्ण आठवडे, तेव्हा खिडकी दर महिन्याला त्याच वारांवर पडते. पाळी सोमवारी आली तर तेरावा-चौदावा दिवस शनिवार-रविवारी, उत्तम. शनिवारी आली तर चौदावा शुक्रवारी. मधल्या रविवारी नववा दिवस, तो खिडकीतला सगळ्यांत कमजोर, आणि पुढचा शनिवार पंधरावा. असं वर्ष निघून जातं आणि दोघांचेही अहवाल नॉर्मल येतात. त्या जोडप्याने रजा बुधवार-गुरुवारची टाकावी.