ब्लॅक डाउनचा माळ मोकळा कसा राहिला

इंग्लंडमध्ये समरसेटच्या मेंडिप टेकड्यांवर जाणारा माणूस चेडरची घळ बघून परततो. वरचा ब्लॅक डाउनचा माळ राहूनच जातो. भोवताली सगळी चुनखडी, पण हा 325 मीटर उंचीचा माथा त्याहून जुन्या तांबड्या वालुकाश्माचा. जमीन आम्लधर्मी, म्हणून हीदर आणि बिलबेरीची खुरटी झुडपं. दक्षिण उतारावरचे ओहोळ चुनखडीची हद्द लागली की जमिनीत गडप होतात आणि चेडरला घळीच्या पायथ्याशी पुन्हा वर येतात.

माळाजवळच्या चार्टरहाउस गावातलं शिशाचं खाणकाम रोमन काळापासूनचं. जवळच्या प्रिडी गावातला शेवटचा शिशाचा कारखाना 1908 साली बंद पडला. चार्टरहाउसजवळच्या ब्लॅकमूरच्या वाटेवर शिसं वितळवून उरलेली, काचेसारखी चकाकणारी काळी धातुमळी आजही बुटाखाली करकरते.

18व्या शतकाच्या उत्तरार्धात मेंडिपच्या सामायिक जमिनींवर सरळ रेषेत दगडी गडगे चढले आणि शेतं आखली गेली. ब्लॅक डाउन त्यातून वाचला, तो 'कॉमन' म्हणून. या शब्दानं फार घोळ घातला आहे. कॉमन म्हणजे सगळ्यांची जमीन, असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात तिला मालक असतो. आसपासच्या ठरावीक घरांना फक्त चराईचे, सरपणाचे हक्क असतात. म्हणजे आपलं गायरानही नव्हे. 1965 च्या कायद्यानं हे हक्क नोंदवायला सांगितलं. मुदत जानेवारी 1970 पर्यंत. ज्यांनी नोंदवले नाहीत त्यांचे हक्क संपले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका अर्जाअभावी पुसून टाकणं, हे माझ्या मते अन्यायाचंच होतं. पायी फिरणाऱ्यांना अशा माळांवर कायद्यानं वाट मिळाली ती 2000 च्या कायद्यामुळे, म्हणजे फार उशिरा.

मधल्या काळात दुसरं महायुद्ध येऊन गेलं. ब्रिस्टलवरचे बॉम्ब इकडे वळावेत म्हणून माळावर रात्री आगी पेटवून शहराचा भास उभा केला जाई. शत्रूची ग्लायडर उतरू नयेत म्हणून रचलेले मातीदगडांचे ढीग अजून ओळीनं उभे आहेत. 1972 साली मेंडिपला निसर्गसौंदर्याचं संरक्षण मिळालं. 2023 मध्ये त्या दर्जाचं नाव बदललं.

पण माळ राखतात ती चरणारी जनावरं. चराई कमी झाली की ब्रॅकनचं नेचं माजतं, आणि त्याच्या मुळ्या माथ्यावरच्या कांस्ययुगीन दफनटेकाडांच्या आत शिरतात.